पांढरा बैल, काळा कुत्रा: एका चित्रासाठी काढलेल्या फोटोंचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यातल्या एका शेतकरी कुटुंबाचं आहे. घरच्यांनी लिहायला परवानगी दिली आहे, पण गावाचं आणि माणसांचं नाव नको म्हणाले. बैलाला मी ढवळ्या म्हणते आणि कुत्र्याला काळ्या. विदर्भात या नावाची जनावरं गावोगाव सापडतील, त्यामुळे कुणाची ओळख पटायची भीती नाही.

मी नागपुरात राहते आणि लोकांच्या पाळीव जनावरांची चित्रं मागणीप्रमाणे करून देते. बहुतेक काम फोटोवरून चालतं. कुत्री, मांजरं, क्वचित एखादा पोपट. बैल वर्षा-दोन वर्षांतून एखादा.

मे महिन्यात पुण्याहून एका मुलाचा फोन आला. वडील सत्तरीच्या पुढचे, गावी मोठ्या भावाच्या कुटुंबासोबत राहतात. घरी गवळाऊ बैलांची जोडी होती. त्यातला एक हिवाळ्यात गेला. घरी ट्रॅक्टरनं शेती होऊ लागली तरी उरलेला बैल वडिलांनी विकला नाही. पेरणीच्या दिवसांत शेजाऱ्याच्या एकट्या बैलासोबत तो सावडीत चालतो, बाकी वेळ कोठ्यात, म्हणजे गोठ्यात. जोडीदार गेल्यापासून घरचा काळा गावठी कुत्रा त्याच्याच गव्हाणीपाशी निजतो. या दोघांचं एकत्र चित्र मुलाला पोळ्याला वडिलांच्या हातात द्यायचं होतं. १८ बाय २४ इंच. आणि वडिलांना आधी कळता कामा नये.

गवळाऊबद्दल दोन वाक्यं इथेच सांगते, कारण पुढची सगळी डोकेदुखी त्यातून आली. वर्धा-नागपूर हा या जातीचा मूळ पट्टा. चेहरा लांब आणि अरुंद, डोळे बदामी, शिंगं आखूड. रंग पांढरा, पण नराच्या मानेवर, वशिंडावर आणि मागच्या अंगावर राखाडी झाक असते. एक गवळाऊ दुसऱ्यापासून वेगळा दिसतो तो बराचसा या झाकेमुळे. फोटोत पांढरा रंग जळला की झाक जाते, आणि उरतो तो कुणाचाही पांढरा बैल.

अडचण

मुलानं पाठवलेले फोटो तीन प्रकारचे होते. काही मागच्या पोळ्यांचे: अंगावर झूल, शिंगांना बेगड, कपाळावर मठाटी, पाठीवर रंगाचे पंजे, आणि बैलापुढे अर्धं गाव. काही नातवंडांनी काढलेले सेल्फी, त्यात बैलाचं नाक भोपळ्याएवढं आणि शिंगं मागे कुठेतरी. उरलेले घरच्या ग्रुपवरून फिरत फिरत आलेले. ते मोबाइलवर बरे दिसत होते, पण मोठे केले की डोळ्याच्या जागी चार-पाच चौकोन.

कुत्र्याचे फोटो त्याहून कठीण. काळ्या सगळीकडे होता आणि कुठेच नव्हता. प्रत्येक फोटोत कोपऱ्यात एक काळा डाग, त्याला दोन कान.

खरा पेच मात्र वेगळा होता. कॅमेरा आपोआप उजेड ठरवतो तेव्हा समोरचं सगळं मिळून मध्यम राखाडी व्हावं असा त्याचा प्रयत्न असतो. चौकट पांढऱ्या बैलानं भरली की तो उजेड कमी करतो आणि बैल मळकट येतो. काळ्या कुत्र्यानं भरली की उजेड वाढवतो, कुत्रा करडा होतो आणि केसांवर दाणे येतात. दोघं एकत्र आणि वर उन्हाळ्याचं ऊन, म्हणजे एकाला सांभाळावं तर दुसरा हातचा जातो. फोनमधलं एचडीआर, म्हणजे उजेड आणि अंधार आपोआप सारखा करणारी सोय, दोघांनाही मधे ओढतं. मग बैलाचा उजळपणा जातो आणि कुत्र्याचा काळेपणा.

पर्याय

पहिला पर्याय, आहे त्या फोटोंवर काम करायचं. पोळ्याच्या फोटोंतून अंगकाठी, सेल्फीतून चेहरा आणि बाकी माझ्या अंदाजानं. असं चित्र पाहुण्यांना आवडलं असतं. पण ज्यानं तो बैल बारा-पंधरा वर्षं रोज धुतला आहे त्याला पहिल्या नजरेत फरक कळला असता.

दुसरा, मी स्वतः जायचं. नागपूरहून गाव एका दिवसात जाऊन येण्यासारखं आहे. पण जनावरांचे फोटो एका फेरीत होतील याची खात्री नसते आणि अनोळखी माणूस कोठ्यात शिरला की कुत्रा भुंकत राहतो, बैल बिथरतो. शिवाय नागपूरहून कुणी बाई बैलाचे फोटो काढायला आली, ही बातमी संध्याकाळपर्यंत पारावर पोचली असती. मग वडिलांपासून काय लपवणार?

तिसरा, तालुक्याच्या ठिकाणचा लग्नाचे फोटो काढणारा. मुलाचा कल इकडे होता, कारण त्यांच्याकडे चांगला कॅमेरा असतो. माझा विरोध कॅमेऱ्याला नव्हता. पण लग्नाच्या कामाची सवय फ्लॅशची असते. कुत्र्याच्या आणि बैलाच्याही डोळ्यात बुबुळामागे चकाकणारा पडदा असतो, फ्लॅश पडला की डोळे हिरवे-पिवळे पेटतात. त्यातून डोळ्याचा रंग कळत नाही.

चौथा, घरातल्याच कुणाकडून फोनवर काढून घ्यायचे आणि मी इथून सांगत राहायचं. घरात मोठी सून होती. जनावरांना ती रोज चारापाणी करते, फोन मध्यम किमतीचा पण ठीक. आम्ही हा पर्याय धरला. मी तिला वहिनी म्हणू लागले.

पहिली खेप

वहिनींना मी सांगितलेल्या गोष्टी थोडक्यात अशा. बैलाच्या जवळ जायचं नाही. बहुतेक फोनचा मुख्य कॅमेरा वाइड असतो, जवळून काढलं की नाक फुगतं आणि कपाळ मागे पळतं. दहा-बारा फूट दूर उभं राहून दुप्पट झूम करायचा, त्यापुढे नाही. पोर्ट्रेट मोड बंद, कारण तो मागचं धूसर करताना शिंगांची टोकं आणि कानाची लव पुसून टाकतो. चेहरा गोरा करणारा फिल्टर बंद. फोन जनावराच्या डोळ्याच्या उंचीवर, म्हणजे बैलासाठी छातीशी आणि कुत्र्यासाठी खाली बसून. बोट बैलाच्या गालावर दाबून ठेवायचं, फोकस लॉक झाला की सूर्याची खूण वर-खाली करून उजेड ठरवायचा.

फोटो आले. घाई वहिनींची नव्हती, गरज वेळेची होती: मामाजी, म्हणजे त्यांचे सासरे, दुपारी झोपतात तेवढाच वेळ चोरून मिळत होता. मेच्या अखेरीस वर्ध्याच्या आसपास बाराच्या सुमारास सूर्य थेट माथ्यावर असतो. उन्हात काढलेल्या फोटोंत वशिंड जळून पांढरं आणि डोळ्यांच्या खोबणी काळ्या ठिक्कर. म्हणून वहिनींनी बैल सावलीत घेतला. कोठ्यापुढे उन्हासाठी निळी ताडपत्री ताणलेली होती आणि तिच्याखाली सगळा बैल निळसर. पांढऱ्या जनावरावर असा रंग चढला की नंतर संगणकावर काढता येतो असं लोक म्हणतात. काही अंशी येतो. पण ढवळ्याच्या मानेची खरी राखाडी झाक आणि ताडपत्रीची निळाई कुठे वेगळी होते, हे सांगणारं फोटोत काहीच नव्हतं. एक पांढरा कागद जरी बाजूला धरलेला असता तर अंदाज आला असता.

हे सगळं दुरुस्त होण्यासारखं होतं. मला जास्त खटकलं ते डोळ्यात. बैल धरायला सालदार, म्हणजे सालावर ठेवलेला गडी, होता. त्यानं कासरा ताणून मान वर उचलून धरली होती. वेसण ताणली गेली की नाकपुड्या फाकतात, नाकावर वळ्या पडतात, डोळ्याचं पांढरं दिसायला लागतं. फोटो स्पष्ट होता, उजेडही बरा होता, पण त्यातला बैल घाबरलेला होता. हा चेहरा रंगवून कुणाच्या भिंतीवर टांगणार?

कासरा सैल सोडला की बैल मान खाली घालून कुटार खायला लागायचा. वहिनी फोनवर म्हणाल्या, "ताई, तो कोणाचंच ऐकत नाही. मामाजी आले की मात्र आपोआप मान उचलते."

वडिलांना सांगायचं की नाही

या प्रकरणातला मुख्य निर्णय हाच होता, बाकी तांत्रिक तपशील. मुलाची भेट वडिलांना चकित करण्यासाठी होती, पैसे तोच देत होता, तेव्हा गुपित मोडायचा अधिकार माझा नव्हता. दुसरीकडे, बैल ज्याच्याकडे पाहून मान उचलतो तोच माणूस या कामातून वगळलेला होता.

मी मुलाला दोन फोटो शेजारी ठेवून पाठवले. एक सालदारानं धरलेला. दुसरा जुन्या पोळ्याच्या ढिगातला, धूसर, ज्यात वडील बैलासमोर उभे आहेत आणि बैलाचे कान पुढे आहेत. सोबत एवढंच लिहिलं की मला दुसऱ्या फोटोतला चेहरा पहिल्याइतका स्पष्ट हवा आहे, तो कसा मिळेल ते तुम्ही सांगा. एक मधला मार्गही सुचवला: वडिलांना नुसते फोटो काढतोय म्हणून सांगायचं, चित्राचं बोलायचंच नाही.

तो दोन दिवस गप्प होता. मग त्यानं वडिलांना सरळ सगळं सांगून टाकलं. मधला मार्ग त्याला पटला नाही. बाबा प्रश्न विचारतील आणि वहिनींना खोटं बोलावं लागेल, हे नको, असं त्याचं म्हणणं. त्याचा निर्णय बरोबर होता असं मला आज वाटतं. त्या दिवशी मात्र मी मधल्या मार्गाच्याच बाजूची होते.

संध्याकाळी काकाजींचा, म्हणजे मुलाच्या वडिलांचा, स्वतःचा फोन आला. नमस्कार-चमत्कार काही नाही. "बाई, त्याले दुपारी काहून उभं करता? सकाळी या म्हणा सुनेले. अन् भवऱ्याचा फोटो घेतला का?"

दुसरी खेप: बैल

भवरा म्हणजे कपाळावरचा केसांचा भोवरा. बैल घेताना शेतकरी दात पाहतो, खूर पाहतो आणि भोवरे पाहतो. कुठला कुठे असावा, कुठला नसावा, याचे ज्याचे त्याचे ठोकताळे. माझ्या यादीत भोवरा नव्हता, आणि तोपर्यंत आलेल्या एकाही फोटोत तो दिसत नव्हता. कुठे मोरकी, म्हणजे तोंडावरचा दोर, आड येत होती, कुठे उजेडानं कपाळ सपाट झालं होतं. काकाजींनी आणखीही सांगितलं: डाव्या शिंगाला थोडा झोक आहे, खांद्यावर जुवाचा घट्टा आहे तो उजव्या बाजूनं नीट दिसतो.

कोठ्याचं तोंड पश्चिमेला आहे. सकाळी तिथे ऊन येत नाही, पण समोरचं मोकळं आकाश उजेड देतं. ताडपत्री सोडून बाजूला केली. बैल कोठ्याच्या तोंडाशी असा उभा केला की चेहऱ्याची डावी बाजू आकाशाकडे आणि उजवी आतल्या अंधाराकडे. मागे कोठ्याचा काळोख आणि त्यावर पांढरा बैल उठून दिसतो. बैलाशेजारी खांबाला पांढरा कागद लावला, रंग जुळवायला.

काकाजी वहिनींच्या उजव्या खांद्यामागे ढेपेची टोपली घेऊन उभे राहिले. कासरा सैल, जमिनीवर लोळणारा. त्यांनी जिभेनं टकटक आवाज केला आणि बैलानं मान उचलली. कान पुढे, डोळ्यात आकाशाचा लहानसा ठिपका. हा ठिपका नसला की चित्रात डोळा मेलेला दिसतो, आणि तो मनानं घातला तर बऱ्याचदा चुकीच्या जागी बसतो. वहिनींनी शटर दाबून धरलं, एकामागून एक फोटो निघत राहिले. माश्यांमुळे बैल कान सतत हलवतो, त्यामुळे सुटा फोटो काढला तर दहातले आठ कान धूसर.

उजेडाचं मी त्यांना असं सांगितलं होतं की पांढरं थोडं दबलेलं चालेल, जळलेलं नको. दबलेल्या पांढऱ्यात झाक शिल्लक असते, ती मी चित्रात उजळू शकते. जळालेल्या जागी काही नसतंच. काळ्यासाठी याच्या उलट: खऱ्यापेक्षा जरा उजळ काढा, केसांची दिशा दिसू द्या, काळा मी करीन.

समोरून, तीन-चतुर्थांश म्हणजे थोडं तिरपं, दोन्ही बाजू, शिंगं, भोवरा, घट्टा, वशिंडापासून मानेपर्यंतची झाक, आणि अंगकाठीसाठी पूर्ण बैल. हे सगळं एका सकाळी झालं.

फोटो मागवताना एक पद्धत ठरवली, ती दोघींच्या कामी आली. गावात नेटवर्क बेताचं, डेटा मोजका. आधी वहिनींनी सगळे फोटो नेहमीसारखे व्हॉट्सॲपवर पाठवले. तसे पाठवले की आकार कमी होतो, पण निवडायला पुरतात. त्यातले मला हवे ते मी खुणा करून परत कळवले आणि तेवढेच त्यांनी रात्री डॉक्युमेंट म्हणून पाठवले. तसे पाठवले की मूळ फाइल जशीच्या तशी येते.

तिसरी खेप: कुत्रा, आणि फाटलेला कान

काळ्या सकाळी गावभर हिंडतो, संध्याकाळी घरी येतो. म्हणून त्याचे फोटो संध्याकाळी काढले, घराच्या पूर्वेकडच्या चुन्यानं पोतलेल्या भिंतीशी, सावलीत. काळं जनावर उजळ भिंतीपुढे, हे ठीकच होतं. काकाजींचं धुतलेलं धोतर त्याच्यापुढे जमिनीवर अंथरलं, त्यानं खालून उजेड परतून हनुवटी आणि छातीचे केस उजळले. स्टुडिओतला महागडा रिफ्लेक्टर यापेक्षा वेगळं काही करत नाही. भाकरीचा तुकडा दाखवून चालेना, तो थेट हातावर झेप घ्यायचा. शेवटी वहिनींच्या मुलीनं मागे प्लास्टिकची पिशवी चुरगाळली, तेव्हा कान टवकारले. फोटो सुरेख आले. डोळे मधासारखे तपकिरी आहेत हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

पण कागदावर दोघांना एकत्र मांडायला घेतलं आणि जमेना. बैलावरचा उजेड बघणाऱ्याच्या उजवीकडून होता, कुत्र्यावरचा डावीकडून. असं चित्र पाहणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण दोन वेगळी कात्रणं चिकटवल्यासारखं वाटत राहतं.

सोपा उपाय होता, कुत्र्याचा फोटो आरशातल्यासारखा उलटा करायचा. मी स्केच तसं केलंही. पण काळ्याचा डावा कान टोकाला फाटलेला आहे, लहानपणच्या भांडणातला. फोटो उलटला की फाटका कान उजवीकडे गेला. कान तेवढा परत डावीकडे काढला असता तर? कानाची घडी, डोक्याचा कल, मानेवरच्या केसांचा भोवरा, सगळंच उलटलेलं होतं. एक गोष्ट सरळ करायची तर दुसरी वाकडी होणार. कुत्र्याचा मालक हे मिनिटभरात ओळखतो, आणि एकदा ओळखलं की त्याला पुढे तेवढंच दिसत राहतं.

दुसरा प्रश्न मापाचा. एकत्र फोटो काही होते, पण प्रत्येकात कुत्रा कॅमेऱ्याच्या जवळ आणि बैल मागे, त्यामुळे कुत्रा वासराएवढा.

तोवर मृग लागला होता. ढवळ्या सावडीत जाऊ लागला, अंगावर चिखल. थांबावं लागलं. या थांबण्याचा फायदाच झाला, कारण पहिला पाऊस होऊन आभाळ भरून आलं आणि ढगाखालचा उजेड उन्हापेक्षा कितीतरी मऊ असतो. काम नसलेल्या एका सकाळी काळ्याला साखळीनं घरीच ठेवलं. धुतलेला बैल कोठ्याच्या तोंडाशी जुन्याच जागी, आणि कुत्रा त्याच्या पुढच्या पायांशी. त्याला तिथे बसायला कुणी शिकवावं लागलं नाही. फोन पाण्याच्या ड्रमवर विटेला टेकवून पक्का ठेवला, म्हणजे चौकट हलणार नाही.

मग एकाच चौकटीचे दोन तऱ्हेचे फोटो घेतले: बोट बैलावर दाबून बैलाच्या उजेडाचे, आणि बोट कुत्र्यावर दाबून कुत्र्याच्या. कुत्र्याच्या फोटोत मागचा बैल पूर्ण जळाला होता. जळू दिला. बैल आपल्याकडे आधीच होता, शिवाय तोच पांढरा बैल आता कुत्र्यामागची उजळ भिंत झाला होता. उजेड एकाच बाजूचा, माप एकाच अंतरावरचं. वहिनींनी स्वतःहून एक गोष्ट केली: कुत्र्याची पाठ बैलाच्या गुडघ्याच्या किती वर येते ते बोटांनी मोजलं. चार बोटं. स्केचमध्ये मी ते सात-आठ बोटांवर नेलं होतं.

साज की साधा

हा वाद फोटोंच्या मधेच कधीतरी सुरू झाला होता. मुलाला झूल, घुंगरमाळ, रंगवलेली शिंगं हवी होती. चित्र पोळ्याचं, मग बैल सजलेलाच हवा. काकाजींचं म्हणणं दुसरं. "सजवाचं एक दिवस. बाकी दिवस थो कसा हाय थे दिसू द्या. घट्टा झाकाचा नाही."

माझ्या हातात होती ती एकच गोष्ट: दोन्ही तऱ्हेची पेन्सिल स्केच करून दोघांना दाखवणं. झुलीच्या स्केचमध्ये खांदा, वशिंडाची झाक आणि घट्टा झाकले जात होते, म्हणजे ज्यासाठी एवढा खटाटोप केला तेच दिसत नव्हतं. मुलगा त्यावर थांबला. तोड फोटोतूनच मिळाली. शिंगांच्या बुंध्याशी मागच्या पोळ्याचा हिंगूळ, म्हणजे लाल रंग, अजून थोडा टिकून होता, विटलेला, भेगांत अडकलेला. तो तसाच ठेवायचं ठरलं.

चित्र आणि शेवट

तैलरंग वापरायची माझी इच्छा होती, पण पावसाळ्याच्या दमट हवेत ते वाळायला फार वेळ घेतात आणि पोळा श्रावणी अमावास्येला, ती तारीख कुणासाठी पुढे सरकत नाही. अॅक्रिलिकमध्ये केलं. राखाडी झाकेसाठी काळा-पांढरा मिसळला की मेलेला रंग निघतो, म्हणून निळा आणि मातकट तपकिरी मिसळून तयार केला; खांबावरच्या कागदामुळे तो किती थंड, किती उबदार हे ठरवता आलं. काळ्याच्या अंगातही नुसता काळा रंग फार थोडा आहे. आकाशाकडच्या बाजूला निळसर, धोतराच्या उजेडाची आठवण ठेवून छातीखाली तपकिरी.

चित्र खांदशेकणीच्या दिवशी, म्हणजे पोळ्याच्या आदल्या दिवशी, पोचलं. काकाजींनी आधी भोवरा पाहिला, मग शिंग, मग खांदा, असं वहिनींनी कळवलं. कुत्र्याबद्दल त्यांची तक्रार होती: "काळ्या इतका शांत कधी बसते?" ती खरी आहे. बैलाच्या चेहऱ्याशी जुळावा म्हणून मी कुत्र्याचा टवकारलेला फोटो सोडून बसका, निवांत फोटो निवडला होता. मुलाला झूल नसल्याची थोडी रुखरुख राहिलीच, पण पैसे त्यानं वेळेवर दिले.

वेगळं काय करता आलं असतं

बैल कुणाकडे पाहून मान उचलतो, हा प्रश्न पहिल्याच फोनवर विचारण्यासारखा होता. उत्तर वडील असं आलं असतं तर गुपिताचा निर्णय मेमध्येच झाला असता, सालदाराला कासरा ओढावा लागला नसता आणि बैलालाही दुपारच्या उन्हात उभं राहावं लागलं नसतं. आता मी प्राणी कोणताही असो, हे आधी विचारते. मांजराच्या बाबतीत उत्तर कधीकधी "कुणाकडेच नाही" असं येतं, तेव्हा खिडकीबाहेरचा पक्षी कामी येतो.

दोन जनावरांचं चित्र असेल तर उजेडाची बाजू आणि वेळ आधी ठरवायची, मग फोटो. काळ्या सकाळी घरी नसतो हे माहीत होतं; त्याला साखळी लावायला कुणाची हरकत नव्हती, कुणी विचारलं नव्हतं एवढंच.

फोटोंच्या टप्प्याचे पैसे वेगळे धरावेत का, याचं उत्तर मला अजून पक्कं नाही. वहिनींनी तीन खेपा केल्या, डेटा त्यांचा गेला, आणि चित्राखाली नाव माझं. या वेळी मुलानं वहिनींना काय दिलं हा त्यांच्या घरचा प्रश्न. पुढच्या कामापासून मी अंदाजपत्रकात ती ओळ टाकते, घरचं माणूस काढणार असलं तरी.

पोळ्यानंतर त्याच गावातून आणखी एक विचारणा आली. बैल बाजारात विकून झालेला, हाती त्या घरच्या मुलासोबतचा एक फोटो, त्यात बैलाचं अर्धं तोंड मुलाच्या मागे. घरी एखादा व्हिडिओ आहे का ते शोधायला सांगितलं. फोर-के असेल तर एक चौकट सुमारे आठ मेगापिक्सेलची मिळते, साध्या फुल एचडीत दोनच. सापडला तो फुल एचडी, बैल चालता, कडा धूसर. त्यावर फार तर ८ बाय १० इंचांचं पेन्सिल रेखाटन होईल आणि भोवरा त्यात नसेल, असं त्यांना कळवलं आहे.